ओढा सोडून बोला

मला सरपंच केलं ते सही करण्यापुरतं. हे मला सरपंच करणाऱ्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मला माहीत आहे, हे फक्त त्यांना माहीत नव्हतं.

आमचं गाव नेरळ आणि कर्जत यांच्या मधलं, रुळांपासून चालत जाण्याजोगं. आणीबाणी उठली त्यानंतरची ती वर्षं. गावात दोन गट होते. त्यांचं भांडण त्या साली इतकं चिघळलं की दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी ठरवलं, या वेळी ग्रामपंचायत बिनविरोध करू. सदस्य वाटून घेतले. सरपंच कुणाचा, यावर मात्र पुन्हा अडलं. मग कुणीतरी माझं नाव काढलं. माझा नवरा कर्जतला रेल्वेत होता. घाट चढताना गाड्यांना मागून इंजिन जोडतात, त्या कामावर. सरकारी नोकर, त्यामुळे त्यांना उभं राहता येत नव्हतं. मला येत होतं. मी सातवी पास, माहेर पलीकडच्या खालापूर तालुक्यात, गावच्या कुठल्याच गटाशी देणंघेणं नाही.

"बाईला बसवा. कागद पुढं केला की सही करील," असं त्या वेळचे मावळते सरपंच आमच्याच ओटीवर बसून, माझ्याच हातचा चहा पिता पिता म्हणाले. मी कपबशा उचलून आत गेले.

पहिलं वर्षभर मी सह्या केल्या, पण प्रत्येक कागद वाचून. त्यामुळे सभा लांबायच्या आणि सदस्य घड्याळाकडे बघायचे. मी म्हणायचे, "घाई असेल त्यांनी जावं. मी वाचून सही करते." गावाला नळ आला तेव्हा त्याची पाइपलाइन वरच्या आळीच्या शेवटी थांबणार असं आराखड्यात दाखवलं होतं. त्यापुढे खालची आळी, आणि तिच्याही पुढे बौद्धवाडा. मी सही केली नाही. लाइन बौद्धवाड्यापर्यंत गेली तेव्हाच केली. त्या दिवसापासून माजी सरपंच माझ्याशी बोलताना 'बाई'ऐवजी 'सरपंचबाई' म्हणायला लागले. ते आदराने नव्हतं.

खरी ठिणगी पडली ती माझ्या मुदतीच्या शेवटच्या वर्षी. मुंबईच्या एका शेठने आमच्या गावाची हवा खाऊन पाहिली आणि ती त्याला आवडली. रस्त्यापासून ओढ्यापर्यंतची भातशेती घेऊन तिथे सुट्टीचे बंगले बांधायचे, असा त्याचा बेत. जमिनीचे भाव आमच्या लोकांनी कधी ऐकलेही नव्हते असे. निम्मं गाव खुश झालं, आणि त्यात वावगं काही नव्हतं. माझा आक्षेप बंगल्यांना नव्हताच. नकाशात ओढा दिसत नव्हता, याला होता.

शेठचा माणूस पंचायतीत आला, टेबलावर नकाशा पसरला. ओढ्याच्या जागी सरळ रस्ता.

"ओढा कुठाय?" मी विचारलं.

"खाली पाइपमध्ये घेणार. वरून भराव."

"आमच्याकडे श्रावणात डोंगराचं पाणी उतरतं ते पाहिलंय का तुम्ही? ते पाइपात मावत नाही. पाइपात मावलं नाही की ते खालच्या आळीत शिरणार, मग बौद्धवाड्यात."

"ते इंजिनीयर बघतील. तुम्ही फक्त ना-हरकत द्या."

मी अटी सांगितल्या. ओढा आहे तसा उघडा राहील, दोन्ही काठ मोकळे राहतील. बंगल्यांनी स्वतःची विहीर काढायची, गावाच्या नळावर यायचं नाही. डोंगरातल्या ठाकर आदिवासींच्या वाडीची पायवाट बंद होणार नाही. आणि गवंड्यापासून माळ्यापर्यंत कामाला माणसं आधी गावातली.

तो हसला. "विहीर काढू, वाट ठेवू, माणसंही घेऊ. ओढ्याचं काही जमणार नाही. निम्मे प्लॉट त्यावरच बसलेत."

"मग ओढा सोडून बोला," मी म्हटलं.

तो नकाशा गुंडाळून गेला. दाराशी शिपाई उभा होता. त्याने संध्याकाळपर्यंत माझं हे वाक्य गावभर पोचवलं. पुढच्या महिन्यात निवडणूक लागली तेव्हा आमच्या पॅनेलला घोषणा शोधावी लागली नाही. खालच्या आळीतल्या पोरांनी भिंतीभिंतीवर गेरूने लिहून टाकलं, 'ओढा सोडून बोला'.

या वेळी बिनविरोध होणं शक्यच नव्हतं. त्या काळी सरपंच थेट निवडून येत नसे. गाव वॉर्डावॉर्डातून नऊ सदस्य निवडायचं आणि ते सदस्य आपल्यातून सरपंच निवडायचे. म्हणजे मला आधी माझा वॉर्ड जिंकायचा होता, आणि मग पाच हात. माजी सरपंचांनी शेठच्या पाठिंब्याने पॅनेल उभं केलं. माझ्या वॉर्डात माझ्याविरुद्ध कोण, याची गावाला उत्सुकता होती. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कळलं. माझी जाऊ.

धाकट्या दिरांची बायको. एकच घर, मधे भिंत घालून दोन चुली. तिच्या भांड्यांचा आवाज मला यायचा, माझ्या फोडणीचा वास तिला. दिरांचं शेत नेमकं ओढ्याच्या काठावर होतं. त्यांना विकायचं होतं आणि माझ्या अटींमुळे शेठने हात आखडता घेतला होता. मला चिन्ह मिळालं शिडी, तिला छत्री. परसात आम्ही दोघी एकाच दोरीवर कपडे वाळत घालायचो, एकमेकींकडे पाठ करून. मला राग आला होता, ते मी लपवत नाही. बाहेरच्या माणसाशी मी भांडले असते. घरातलीच माणसं समोर उभी करायची, ही त्यांची चाल होती, आणि ती मला बरोबर लागली.

नवऱ्यावरही दाब आला. तुम्ही नोकरीत असून बायकोचा प्रचार करता, वर तक्रार करू, बदली होईल, असा निरोप आला. हे नुकतेच ड्यूटीवरून आले होते, हातपाय धूत होते. निरोप्याला म्हणाले, "प्रचार मी करत नाही, तिला माझी गरज नाय. आणि बदली करून करतील काय? घाटातल्या ठाकूरवाडी स्टेशनावर टाकतील. तिथं मी रोज जातोच."

आमच्याविरुद्ध एकच गोष्ट सगळीकडे सांगितली जात होती. बाईला गाव मागासलेलं ठेवायचंय. शेलूला बघा, नेरळला बघा, सगळीकडे घरं होतायत, आपल्याकडे बाई आडवी पडली आहे. याला उत्तर भाषणात देता येईना. मग मी एक टेंपो ठरवला आणि गावातल्या बायकांना म्हटलं, चला माझ्या माहेरी.

माझं माहेर पाताळगंगेच्या काठचं. मी लग्न होऊन आले त्यानंतर तिकडे कारखाने आले. टेंपोत बायका दाटीवाटीने बसल्या. निघता निघता माझी जाऊ आली आणि पदर खोचून चढली. तिच्या पॅनेलवाल्यांनी तिला अडवलं असणार. "वॉर्डातल्या समद्या चालल्यात, मी एकटी मागं कशाला राहू?" ती म्हणाली आणि माझ्या समोरच बसली.

माझ्या भावाने आम्हाला नदीवर नेलं. तो कारखान्यात कामाला होता, अंगावर कारखान्याचाच शर्ट. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, माझ्या बाजूने बोलू नकोस, जे आहे ते सांग. त्याने तेच केलं. "कारखाना वाईट नाय. मला पगार मिळतो, पोरं शाळेत जातात, घर पक्कं झालं," तो म्हणाला. मग नदीकडे बोट केलं. काठाला फेस आला होता आणि पाण्याला वास येत होता. "म्हशी आमी हितं धुवायचो. आता म्हैस पाण्यात उतरत नाय. चूक कुणाची म्हणाल, तर आमची पण हाय. ते आले तवा आमी खुश झालो, आणि काय मागितलंच नाय. पाणी कुठं सोडणार, कुणी विचारलंच नाय. एकदा धुराडं उभं राहिल्यावर कोण ऐकतंय तुमचं? तुमी आधी मागा."

 परत येताना टेंपोत पहिली बोलली ती माझी जाऊ.

"ताई, तुमच्या भावाला पगार हाय. तुमच्या घरात पण रेल्वेचा पगार येतो. पहिल्या तारखेला येतोच. आमच्या घरात कुठला? आमी फक्त ओढ्याकडं बघत बसायचं का?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. ती खोटं बोलत नव्हती. इतके दिवस मी नदीचं, पाण्याचं बोलत होते आणि तिच्या भाताच्या खाचरावर तिचा एक माणूसही नीट पोसला जात नव्हता, हे मला भिंतीपलीकडून रोज ऐकू येत होतं. मी म्हटलं, "शेत विक. तुझं आहे. मी त्याच्या आड कधी आले? ओढा मात्र तुझा नाही, माझा नाही आणि माजी सरपंचांचाही नाही. जो आपला नाही तो विकायचा कसा?"

"मग शेठ घेईना तर?"

"शेठ घेईल. त्याला आपल्या गावाची हवा हवी आहे ना? मग हवेबरोबर ओढाही घ्यावा लागेल, उघडा. तुम्ही सगळे एका अटीवर उभे राहिलात तर तो जाईल कुठे?"

तिला ते पटलेलं दिसलं नाही. उतरताना म्हणाली, "मी अर्ज मागं घेनार नाय."

"नकोच घेऊस," मी म्हटलं.

बौद्धवाड्यातून आमच्या पॅनेलकडून उभे होते ते अंबरनाथला एका कारखान्यात कामाला जाणारे गृहस्थ. शांत माणूस, पण एकदा बोलले की मागे हटत नसत. देवळासमोरच्या शेवटच्या सभेत माजी सरपंचांच्या माणसांनी गोंधळ घातला, "ओढ्याचं भ्या दाखवून मतं मागता का?" तेव्हा तेच उठले.

"पानी पयलं आमच्या घरात शिरणार हाय, ते आमाला ठाऊक हाय," ते म्हणाले. "पन आमी भ्यायलोय म्हणून बाईंच्या मागं नाय. गावाच्या हिशोबात आमचा वाडा शेवटी धरायचा ही रीत बाईंनी मोडली, म्हणून हाय."

ओरडणारे मागे सरकले. मीही भाषण लांबवलं नाही. एवढंच म्हटलं, गाव वाढणारच आहे, पण ते कुणाच्या घरावरून वाढणार नाही. मला पाडायचं तर पाडा. मी उद्याही इथेच राहणार आहे आणि हेच बोलणार आहे.

मतमोजणीत मी माझा वॉर्ड जिंकला, थोडक्यात. जावेला माझ्या कल्पनेपेक्षा जास्त मतं पडली. एकूण आमचे पाच आले, त्यांचे चार. पोरांनी गुलाल उडवला. माझ्या डोक्यावरही टाकला. घरी आल्यावर भिंतीपलीकडे शांतता होती, म्हणून मी आत जाऊन तो धुऊन टाकला.

सरपंचाची निवड आठवड्याने होती. तहसीलचा अधिकारी येणार, सदस्य हात वर करणार. निवडीच्या दोन दिवस आधी आमचा एक सदस्य दिसेनासा झाला. वरच्या आळीचा शेतकरी, साधा, हसरा माणूस. त्याची बायको कर्जतच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "धनी सकाळपासून घरी नायत. पाव्हण्यांकडं जातो म्हणालं. आमाला कंचं पाव्हणं?"

पाचातला एक गेला की चार आणि चार. तो त्यांच्याकडे वळला तर संपलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात भांडी घासत होते. जाऊ पाणी भरायला आली. हंडा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माथेरानला हायत. हॉटेलात ठेवलंय. आमच्या ह्यांनीच पोचवलं काल."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"अशा बघू नका. मी तुमाला मत दिलं नाय आणि देनार पण नाय," ती म्हणाली. "पन मी मतानं हरले. आता तुमी मतानं हरा, नायतर जिंका. मानसं पळवून कसली निवडनूक?" आणि हंडा कमरेवर घेऊन आत गेली.

तासाभरात मी आणि ती भाजीवाली नेरळला होतो. मे महिन्याचे दिवस, माथेरानची छोटी गाडी प्रवाशांनी भरलेली, जागा नाही. ती म्हणाली, "गाडीचं काय घेऊन बसलात? मी सीझनला माळवं घेऊन चढलेय." तिने चप्पल काढून हातात घेतली आणि वाटेला लागली. मी मागे. अर्ध्या चढाला मला धाप लागली. ती बोलतच होती, नवऱ्याला काय काय म्हणणार ते मला ऐकवत होती.

वर पोचल्यावर तिने हॉटेलांच्या पुढच्या दारांकडे बघितलंही नाही. मागच्या बाजूने एकेका मुदपाकखान्यात डोकावत गेली. तिथे कामाला असलेले बरेचसे आमच्याच भागातले. तिसऱ्या ठिकाणी एका आचाऱ्याने हसून बोट दाखवलं.

तो व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसला होता. अंगावर नवा सदरा, समोर ट्रेमध्ये चहा. आम्हाला बघून तो उभा राहिला नाही. मला वाटलं होतं तो दचकेल, पळेल. तो जागेवरूनच म्हणाला, "वयनी, मी पैसं नाय घेतलं. आईशपथ. निवड होईतो आराम करा म्हणालं, एवढंच."

बायको तोंड उघडणार तेवढ्यात तो पुढे बोलला.

"ह्याच हॉटेलच्या दारात मी रिक्षा वडलीय. लगीन व्हायच्या आधी, चार सीझन. मानसं बसवून हातरिक्षा वडायची, चढावर. आत याची सोय नव्हती आमाला. चा बी मागच्या दारानं. काल मला त्यांनी हितं बसवलं, म्हणालं, सायेब, काय घेणार? सायेब म्हणालं मला."

चढताना सुचलेलं माझं सगळं बोलणं इथे कामाचं नव्हतं.  आमच्या गावात हवं ते कसं मिळवायचं, हे शेठला पुरतं माहीत होतं. कुठल्या माणसाची कुठली दुखरी जागा, हे त्याने हेरलं होतं.

बोलली ती त्याची बायको. मी तिच्याकडून शिव्यांची वाट पाहत होते. ती त्याच्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसली, ऐटीत. ट्रेमधला चहा कपात ओतला, प्यायली, तोंड पुसलं.

"बसलात ना? मी बी बसले. भरलं मन?" ती म्हणाली. "आता उठा. गावानं तुमाला निवडून दिलंय, ती खुर्ची तुमाला कुनी फुकट दिली नाय, तुमी मिळवलीय. तितं बसाया चला."

दारावर शेठचा एक माणूस उभा होता. तो पुढे झाला. "साहेबांना आराम करू द्या." भाजीवालीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मागच्या दारातून आचारी आणि आणखी दोघं-तिघं बाहेर आले होते, हात पुसत. तो बाजूला झाला. भाजीवालीच्या नवऱ्याने नवा सदरा उतरवून खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवला आणि आपला जुना घातला. आम्ही तिघं चालतच उतरलो. वाटेत तो एकदाच म्हणाला, "चा मातर झ्याक होता."

निवडीला पंचायतीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अधिकाऱ्याने माझं नाव पुकारलं. बौद्धवाड्यातले सदस्य, मी, आणखी दोघं, असे चार हात वर गेले. भाजीवालीचा नवरा मान खाली घालून बसला होता. माजी सरपंच त्याच्याकडे बघत होते. मी बघितलं नाही. मी समोर भिंतीकडे बघत राहिले, कारण त्याने माझ्या नजरेमुळे हात वर करावा असं मला नको होतं. मग खिडकीतून गलका झाला, आणि मला कळलं, पाचवा हात वर गेला होता.

शेठ वर्षभर रुसला आणि मग परत आला. ओढा नकाशात आला, काठ मोकळे सुटले, प्लॉट कमी झाले. दिरांचं शेत गेलं, पण आधी बोलले होते त्यापेक्षा कमी भावाने. ते माझ्या नवऱ्याशी पुढे कित्येक वर्षं बोलले नाहीत. जाऊ माझ्याशी बोलायची. परसातली दोरी तशीच होती. पण ती अधूनमधून म्हणायची, "तुमच्या वड्यानं आमचं नुकसान केलं, ताई," आणि मी ते ऐकून घ्यायचे. ते तिचं खरं होतं.

खालच्या आळीत पाणी शिरलं नाही. अजून नाही. पण न शिरलेलं पाणी कुणाला दाखवता येत नाही. झालेलं नुकसान सगळ्यांना दिसतं; टळलेलं दिसत नाही, आणि त्यावर मतं मिळत नाहीत. तिसऱ्या निवडणुकीत मी पडले, साफ पडले. गावाला कंटाळा आला होता माझा, असं लोक सांगतात. आला असेल.

पडल्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेला मी गेले. लोकांना वाटलं होतं मी येणार नाही. नवा सरपंच चांगला तरुण मुलगा होता, मला बघून उठून उभा राहिला, "या, बसा" म्हणाला. मी पुढे सतरंजीवर बसले. सभा सुरू झाली, कुणाला काही विचारायचं आहे का, असं त्याने विचारलं.

"बंगल्यांची नवीन रांग होतेय, तिचं सांडपाणी कुठे सोडणार?" मी विचारलं.

मागे कुणीतरी हसलं, "झालं, बाई सुरू झाल्या."

"हो, झाल्या," मी म्हटलं. "आता उत्तर द्या."